अभिजीत सावंत "वाया गेला" म्हणणाऱ्यांनो, तो जायला कुठे हवा होता?

खिडकीची_सीट

परवा घरी पाहुणे होते, टीव्हीवर कुठलातरी गाण्याचा रिॲलिटी शो चालू होता, आणि आमच्या काकांनी त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं, "हे सगळं चार दिवसांचं असतं गं, तो अभिजीत सावंत बघ, कुठे गेला?" हे मी गेली पंधरा वर्षं ऐकतेय. बरं काकांच्या फोनमध्ये त्याचं गाणं आहे. तरी कुठे गेला.

नवीन पोरांसाठी थोडक्यात. ऑक्टोबर २००४ मध्ये सोनीवर इंडियन आयडॉलचा पहिला सीझन सुरू झाला, परीक्षक अनु मलिक, सोनू निगम आणि फराह खान, आणि मार्च २००५ च्या फायनलला हा मुंबईचा तेवीस वर्षांचा मराठी पोरगा जिंकला. अमित साना दुसरा, राहुल वैद्य तिसरा. त्याच वर्षी 'आपका अभिजीत सावंत' अल्बम आला आणि त्यातलं 'मोहब्बतें लुटाऊंगा' रिक्षात, वरातीत, कॉलेजच्या गॅदरिंगला, सगळीकडे वाजलं. 'आशिक बनाया आपने' सिनेमात 'मरजावां मिटजावां' मिळालं. मग २००७ ला 'जुनून' अल्बम, मध्ये सिनेमात हिरो, डान्स शो, २०१३ ला 'फरीदा' अल्बम, आणि २०२४ ला बिग बॉस मराठीत उपविजेता.

माझी दहावी होती त्या वर्षी. परीक्षा तोंडावर आणि आम्ही बहीणभाऊ अभिजीतला एसएमएसनं मतं टाकायला बाबांचा मोबाईल घेऊन गॅलरीत, कारण घरात रेंज नाही. साधा बटणांचा फोन, एका अक्षराला तीनतीनदा बटण दाबायचं, भाऊ टाइप करायचा आणि मी मोजायचे, अठरा, एकोणीस, वीस. आमच्या मजल्यावरच्या ज्या काकू कधी कुणाला साखर देत नव्हत्या त्यांनी स्वतःचा फोन आणून दिला, घ्या रे याच्यावरूनपण टाका. पुढच्या महिन्यात बाबांचं बिल आलं आणि दोघांनी मार खाल्ला.

माझं म्हणणं एवढंच आहे की वीस वर्षं हा माणूस गाणं आणि टीव्ही यावरच घर चालवतोय, लोक अजून नावानं ओळखतात, याला वाया जाणं म्हणतात का? तुमच्या ऑफिसात २००५ चा एम्प्लॉयी ऑफ द इयर कोण होता ते आठवतंय का कुणाला?

सूरबेसूर

असहमत आणि स्पष्टच लिहितो, राग मानू नका. "वीस वर्षं घर चालवतोय" ही आपल्या मराठी लोकांची आवडती मोजपट्टी आहे, चाललंय ना, मग झालं. अहो त्याला अख्ख्या देशानं निवडलं होतं, शेजारच्या आळीनं नाही. त्या मानानं काय केलं ते विचारणार ना लोक.

अरिजीत सिंगचं बघा. त्याच २००५ मध्ये फेम गुरुकुल नावाच्या शोमध्ये होता, जिंकला नाही, बाहेर पडला. त्यानंतर स्टुडिओत बसून संगीताचं प्रोग्रामिंग शिकला, संगीतकार प्रीतमकडे हाताखाली काम केलं, आणि 'तुम ही हो' आलं २०१३ ला. आठ वर्षं! त्या आठ वर्षांत आपले विजेते काय करत होते? २००८ ला नच बलिये, २००९ ला लॉटरी नावाच्या पिक्चरमध्ये हिरो. गायकानं नाचायचं कशाला? आवाज गोड आहे, नाही म्हणत नाही, पण डोळे मिटून ऐकला तर "हा अभिजीतच" असं ओळखू येणारा आहे का? सुनिधी, श्रेया याच रिॲलिटी शोमधून आल्या ना? सुनिधी तर १९९६ ला 'मेरी आवाज सुनो' जिंकून आलेली, तेव्हा शाळकरी वय होतं तिचं. अर्ध्या ओळीत कळतं कोण गातंय. हा फरक आहे, बाकी नशीब वगैरे सोडून द्या.

ढोलकीवाले_नाना

दोघांचंही वाचलं. मी पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय त्यामुळे जरा आतलं सांगतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

सूरबेसूर, तुम्ही म्हणता त्याने स्टुडिओत बसायला हवं होतं. बरोबर. पण शो जिंकल्यावर दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात हो. गणपती, नवरात्र, कंपनीची पार्टी, बिल्डरच्या पोरीचं लग्न, दुबई. सुपारी (म्हणजे कार्यक्रमाचं बुकिंग) येते ती आत्ताची असते, तिला आठ वर्षांनी या म्हणता येत नाही. मी अशा एका शोच्या पोराबरोबर (नाव घेत नाही, लहान शोचा होता, फायनलपर्यंत गेलेला) दोन सीझन वाजवलं. पहिल्या वर्षी त्याच्यासाठी एसी गाडी, हॉटेल, स्टेजवर यायच्या आधी फटाके. दुसऱ्या वर्षी शोचा नवीन सीझन आला, नवीन पोरगा आला, आणि हा आमच्याबरोबर टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये शेवटच्या सीटवर, मांडीवर शेरवानीचं कव्हर, खिशात पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हमध्ये मायनस ट्रॅक, म्हणजे गायकाच्या आवाजाशिवायचं नुसतं संगीत, कारण आयोजकाला पूर्ण बँडचे पैसे द्यायचे नव्हते, म्हणजे आम्हीपण निम्मेच गेलेलो. साऊंड चेकला गडी इतकं सुंदर ठुमरीच्या अंगानं गायला की मी ढोलकी खाली ठेवली. आणि कार्यक्रमात? तीच चार गाणी जी टीव्हीवर गाऊन गाजली होती. पाचवं काढलं की पब्लिक उठून वडापावच्या गाडीकडे.

दुसरं, सिनेमातलं गाणं मिळणं म्हणजे काय ते लोकांना माहीत नसतं. आधी कुणीतरी स्क्रॅच, म्हणजे कच्चं गाणं, गातो, मग तेच गाणं आणखी दोघातिघांकडून गाऊन घेतात, आणि कुणाचा आवाज राहिला हे पुष्कळदा गाणं बाहेर आल्यावर कळतं. पैसे एकदाच, तेही मिळाले तर. गायकाला रॉयल्टीचा हक्क कायद्यात आला तो २०१२ च्या दुरुस्तीत. म्हणजे २००५ ला जो जिंकला त्याला वर्षानुवर्षं गाणं वाजलं तरी घरी काही येईल अशी सोयच नव्हती. मग माणूस डान्स शोला नाही म्हणेल का? मी तर ढोलकी सोडून लेझीम खेळलो असतो.

सूरबेसूर

नाना, तुमचा अनुभव मोठा, दंडवत. पण तुम्ही जे सांगताय ते सगळ्या गायकांना लागू आहे, अरिजीतलाही होतं. त्याच्याकडेपण तेव्हा सुपाऱ्या आल्याच असतील की.

ढोलकीवाले_नाना

हरलेल्याला आणि जिंकलेल्याला एकच सुपारी नसते मालक.

खिडकीची_सीट

हेच!! नानांनी माझ्या मनातलं लिहिलं. आणि अजून एक, २००५ हे साल बघा. लकी अली, शान, अलीशा, हे सगळं अल्बमवालं पॉप जे आपण ऐकत मोठे झालो ते तेव्हा संपत आलं होतं. स्टेशनच्या जिन्यावर एमपीथ्रीची सीडी मिळायची, दीडशे गाणी आणि किंमत एका वडापावच्या प्लेटीएवढी, कोण घेणार पूर्ण अल्बम? त्यात म्युझिक कंपनीनं आयडॉल निवडला तो अल्बम विकायला. म्हणजे दुकान बंद करायच्या आठवड्यात नवीन नोकर ठेवला आणि मग म्हणायचं गल्ला का वाढला नाही.

हडसनकाठी

इथे अमेरिकेत हाच वाद केली क्लार्कसनवरून कुणी घालत नाही, कारण ती २००२ ला पहिली अमेरिकन आयडॉल झाली आणि खरोखर स्टार झाली. पण इथे सिनेमाशिवाय गाण्याची इंडस्ट्री आहे, रेडिओ आहे, टूर आहेत. आपल्याकडे पॉप गायक व्हा म्हणून स्पर्धा घ्यायची आणि नंतर "प्लेबॅक किती केलं" म्हणून मार्क द्यायचे. पेपर भूगोलाचा आणि उत्तरपत्रिका गणिताची. खिडकीची सीट यांच्याशी सहमत.

अवांतर: जेनिफर हडसन इथल्या शोमध्ये सातवी आली होती आणि पुढे ऑस्कर घेतलं, त्यामुळे "हरलेला पुढे जातो" हे इकडेही आहेच, ते सूरबेसूर यांच्या खात्यात जमा.

संत्रानगरी

माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही सगळे गाण्यावर भांडून राहिले, पण तो गाण्यावर जिंकला होता का? म्हणजे वाईट गायला असं नाही म्हणत, पण लोकांनी मत दिलं ते आवाजाला का त्या लाजऱ्या हसण्याला? २००८ ला 'जो जीता वही सुपरस्टार' म्हणून शो झाला, त्यात वेगवेगळ्या शोचे गाजलेले गायक परत आमनेसामने आणले होते, आणि तिथं कोण जिंकलं तर आमच्या नागपूरचा राहुल वैद्य. जो आयडॉलला तिसरा होता तो! अभिजीत होता ना त्यात. आणि त्याच्या आधी २००७ च्या डिसेंबरात जकार्तामध्ये एशियन आयडॉल झालं, भारताकडून हाच गेला होता, जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा. म्हणजे मतदार बदलले की निकाल बदलते.

आता गंमत बघा, बिग बॉस मराठीचा पाचवा सीझन, ऑक्टोबर २०२४ ची फायनल, रितेश देशमुख मधोमध उभा, एका हाताला अभिजीत, दुसऱ्या हाताला सूरज चव्हाण. बारामतीकडच्या मोढवे गावचा गरिबाघरचा पोरगा, रील्सवर 'गुलीगत' म्हणून गाजलेला, कॅमेऱ्यासमोर धड बोलता येत नव्हतं. जिंकला सूरज. अन् का जिंकला? ज्या कारणानं २००५ ला अभिजीत जिंकला त्याच कारणानं. "आपल्यातलाच साधा पोरगा, याला द्या." एकोणीस वर्षांपूर्वी साधा पोरगा हा होता, आता हा सेलिब्रिटी होता अन् समोर त्याच्याहून साधा उभा. ज्या मशीननं घडवलं त्याच मशीननं हरवलं. मी तर ते बघून टीव्ही बंद केला अन् बायकोला म्हटलं चहा ठेव.

सूरबेसूर

संत्रानगरी, मानलं, हे मी असं बघितलंच नव्हतं. पण तुम्ही माझीच बाजू घेताय हे लक्षात येतंय का? मत पोराला दिलं, गाण्याला नाही. मग गाणं मागे पडलं तर आश्चर्य कसलं.

संत्रानगरी

मी कोणाचीच बाजू घेऊन नाही राहिलो. राहुल वैद्यही शेवटी हिंदी बिग बॉसमध्येच गेला ना, अन् तिथं तोपण दुसराच आला.

मोगरा_आणि_मी

कुणी वैशाली माडेचं नाव काढत नाही का? हिंगणघाटची. मराठी सारेगमप जिंकली, मग हिंदी जिंकली, आणि बाजीराव मस्तानीत 'पिंगा' श्रेया घोषालबरोबर गायली. २०१५ ला घरोघरी वाजत होतं ते. आता विचारा दहा जणांना की पिंगात दुसरा आवाज कुणाचा, सहा जण तरी गप्प बसतील. आणि ती पण बिग बॉस मराठीत गेली होती, दुसऱ्या सीझनला. म्हणजे मोठ्या सिनेमातलं मोठं गाणं मिळालं तरी तेच आणि नाही मिळालं तरी तेच. सूरबेसूर, हिचा आवाज तर अर्ध्या ओळीत ओळखू येतो, हिला कुठल्या खात्यात टाकणार तुम्ही?

सूरबेसूर

वैशालीताईंच्या बाबतीत अन्याय झालाय हे शंभर टक्के मान्य. तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

पण अभिजीतवर मी ठाम आहे. नाना म्हणतात सुपारी नाकारता येत नाही, ठीक, पण पहिली दोन वर्षं सोडा, २०१० नंतर काय? यूट्यूब आलं, पोरं घरात बसून गाणी करायला लागली, याच्याकडे तर तयार नाव होतं. स्वतःचं मराठी पॉप उभं करायला कुणी अडवलं होतं? मराठी सारेगमप लिटल चॅम्प्सची पोरं बघा, २००९ ची कार्तिकी, आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित. त्यांनी मराठीतच घर बांधलं आणि आज सगळ्यांना नावानिशी माहीत आहेत. हा हिंदीच्या दारात उभा राहिला.

खिडकीची_सीट

हा मुद्दा लागला, खोटं कशाला बोलू. मराठीत तो उशिरा आला. बिग बॉसनंतर लोक परत "आपला अभिजीत" म्हणायला लागले, तेव्हा मलाही वाटलं की हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं. पण "हिंदीच्या दारात उभा राहिला" हे जरा जास्त होतंय. हिंदीवाल्यांनीच आत बोलावून खुर्ची दिली होती, तेवीस वर्षांचा मुलगा उठून कशाला जाईल?

आणि "आवाजात वेगळेपण नाही" हे तर अजिबात मान्य नाही. आज सकाळी मुद्दाम तो पहिला अल्बम लावला. कडव्याच्या शेवटी आवाज जरासा थरथरतो, अजून सगळं शिकलेला नाही असा. मला त्यासाठीच आवडायचा. स्टुडिओत आठ वर्षं बसवला असता तर तेच घासून काढलं असतं.

सूरबेसूर

थरथरणं म्हणजे सूर हलणं असंही म्हणतात त्याला :)

ढोलकीवाले_नाना

सूर हलत नाही त्याचा, मी ऐकलाय. श्वास कमी पडतो कधीकधी, तो वेगळा विषय. बरं मी निघतो, उद्या साताऱ्याच्या पुढे एका हळदीला वाजवायचंय आणि नवरीकडच्यांनी गाण्यांची यादी पाठवलीय. आठव्या नंबरला मोहब्बतें लुटाऊंगा आहे. हळदीला! स्केल कुठली धरू सांगा कुणीतरी, आमचा गायक ओरिजिनल स्केलला पोचत नाही.

मोगरा_आणि_मी

नाना एक स्वर खाली घ्या, हळदीत कुणाला कळतंय.

खिडकीची_सीट

मला कळलं असतं.
आणि हो, हा धागा बाबांना वाचून दाखवला. ते विचारतायत त्या बिलाचे पैसे आता तरी भरणार का.