उत्तर: उत्तर: २१ डिसेंबरचा कार्यक्रम, वेळ बदलायची का? (तातडीचे)

प्रेषक: सचिव
रविवार, ८ डिसेंबर २०२४, दुपारी ३.१०

मंडळी,

आत्ताच जाहीर झालं. आपल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाची टेनेसीशी प्लेऑफची मॅच इथेच कोलंबसमध्ये, शनिवारी २१ तारखेला, रात्री ८ वाजता. आपली एकांकिका ६.३० ला आणि जेवण ८.१५ ला. हॉलचे पैसे भरलेत, तारीख हलणार नाही. वेळ हलू शकते, कारण हॉल दुपारी १ पासून आपल्याकडे आहे. ज्यांनी नावं दिली आहेत त्यांतल्या कोणाकडे मॅचची तिकिटं आहेत आणि कोण घरी बघायला पळणार आहे, ते मंगळवारपर्यंत कळवा. "बघू", "जमलं तर" अशी उत्तरं नकोत. गणपतीत त्यापायी काय झालं ते भोजन समितीला विचारा.

---

प्रेषक: नाट्यविभाग
रविवार, दुपारी ३.४८

एकांकिका दुपारी होणार नाही. त्या हॉलला पश्चिमेकडून अख्खी काच आहे आणि पडदे नाहीत. आमचा पहिला प्रवेश पूर्ण अंधारात आहे. २१ तारखेला सूर्यास्त ५.१० च्या सुमारास. त्यानंतर काय ते बोला.

शिवाय हा पायंडा पडू नये. ऑक्टोबरपासून तालमी चालू आहेत, आणि त्यांच्या वेळा कुणाच्या मॅचवर ठरल्या नव्हत्या.

---

प्रेषक: भोजन समिती (पॉवेल)
रविवार, दुपारी ४.०५

> गणपतीत त्यापायी काय झालं ते भोजन समितीला विचारा

विचारूच नका. मसालेभात तीन घरच्या फ्रीजरमध्ये अजून आहे.

मला फक्त आकडा हवा. वडे गरम द्यायचे तर तळणाऱ्यांना वेळ आधी कळली पाहिजे. साडेचारला कोणी जेवणार नाही आणि आठनंतर कोणी थांबणार नाही, एवढं मला दिसतंय.

---

प्रेषक: नाना (अप्पर आर्लिंग्टन)
रविवार, संध्याकाळी ६.३०

वेळेचं तुम्ही ठरवा. माझ्याकडे तिकीट नाही, टीव्ही आहे. पण आपल्या जुन्या वैऱ्याकडून, मिशिगनकडून हरल्यापासून या यादीवर "प्रशिक्षक डेला हाकला" यापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, म्हणून एकदा नीट लिहितो. ज्यांना रस नाही त्यांनी खाली वड्यांच्या चर्चेकडे जावं.

१३-१० हा पराभव बचावफळीच्या माथी मारता येत नाही. मिशिगनचा एकुलता एक टचडाऊन (बॉल गोललाइनपलीकडे नेणं) कसा झाला आठवा. आपल्या क्वार्टरबॅकचा (पास फेकणाऱ्याचा), हॉवर्डचा पास त्यांच्या हातात गेला, त्यांनी तो पळवत आपल्या गोललाइनपासून २ यार्डांपर्यंत आणला. तिथून कोणीही ढकलेल. त्यांच्या क्वार्टरबॅकने अख्ख्या मॅचमध्ये पासवर ६२ यार्ड काढले. बासष्ट! चौथ्या क्वार्टरमध्ये ते आपल्या गोललाइनशी आले तेव्हा आपल्या सॉयरने पास अडवून बॉल परत मिळवून दिला. एवढं करून वर १३ गुणांत रोखल्यावर त्या पोरांनी आणखी काय करायचं? डाऊन्स, सायमन, तुइमोलोआउ, सॉयर, दोन्ही टॅकल, देशात सगळ्यात कमी गुण देणारी फळी आहे ही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेन स्टेटला त्यांच्याच मैदानावर ३ यार्डांवरून चार प्रयत्नांत आत येऊ दिलं नाही. २०-१३ ती मॅच तिथेच जिंकली.

किकरने दोन सोपे फील्ड गोल (लाथेने खांबांमधून, तीन-तीन गुणांचे) घालवले, ३८ आणि ३४ यार्डांचे. ते सहा गुण मिळाले असते तर आज सगळे डेचे गोडवे गात असते. पण मी किकरवर येत नाही.

मी येतो आक्रमणाच्या आखणीवर. आपली लाइन (क्वार्टरबॅकला राखणारी पुढची फळी) ठिगळाची आहे, हे ऑक्टोबरपासून माहीत आहे. डावा टॅकल सिमन्स ऑरेगनच्या मॅचला गुडघा घेऊन बसला. जॅक्सनला गार्डवरून उचलून त्याच्या जागी नेलं. इंडियानाच्या मॅचआधी सेंटर मॅक्लॉफ्लिनची टाचेची शीर तुटली. म्हणजे मधली फळी नव्याने बसवलेली. आणि समोर कोण? मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. देशातली सगळ्यात दणकट जोडी. आपण काय केलं? त्या दोघांच्या मधून पळायचा हट्ट धरला. २६ वेळा पळून ७७ यार्ड.

तेही कधी, तर मिशिगनचा उत्तम कॉर्नर (कडेचा बचावपटू) विल जॉन्सन खेळत नसताना! कडेला आपले पास झेलणारे जेरेमाया स्मिथ, इग्बुका, टेट उभे. स्मिथला मॅचभर ३५ यार्ड मिळाले. दुसऱ्या अर्ध्यात आपला एक गुण नाही, १०-१० वरून पुढे शून्य.

माझं मत असं की डे मिशिगनशी खेळत नाही, मिशिगनवाले तीन वर्षं जे बोलतात त्याच्याशी खेळतो. "तुम्ही मऊ आहात" म्हणतात, म्हणून हा मधून घुसून दाखवणार. २०२१ ला ४२-२७, २०२२ ला ४५-२३, तेव्हा खरंच त्यांनी आपल्याला लोळवलं होतं. यंदा तसं नव्हतं. यंदा त्यांचा संघ ६-५ (सहा विजय, पाच पराभव) होता हो! बाकी सगळ्यांविरुद्ध ६५-६ असं खातं असलेला माणूस या एका मॅचला दुसऱ्याच डोक्याने उतरतो.

तरी हाकलू नये असं मला वाटतं. मी आपल्या जुन्या प्रशिक्षकाची, जॉन कूपरची सगळी वर्षं पाहिली आहेत. मिशिगनविरुद्ध २-१०-१ (शेवटची एक बरोबरी). तेव्हा चार चांगल्या संघांना हरवायची दुसरी संधी मिळायची सोय नव्हती. आता आहे. आक्रमण आखणाऱ्या चिप केलीने पहिल्या ड्राइव्हपासून (चढाईपासून) बॉल कडेला फेकला तर टेनेसीविरुद्ध आपले ३५ च्या वर गुण होतील. पुन्हा मधून घुसत बसले तर २१ तारखेला नाटकच बघा.

---

प्रेषक: बापू (डब्लिन)
रविवार, रात्री ९.१२

नाना, पोस्ट आवडली. विशेषतः "तीन वर्षं" हे. चार झाली. २०२० ला कोविडमुळे मॅच झाली नाही म्हणून, नाहीतर पाच म्हटलं असतं.

दोन कोटी डॉलरचा संघ, असं तुमच्याच लोकांनी सांगितलं. आमचा टाइट एंड (पास झेलणारा) लव्हलंडही बसलेला होता, हे आपण सोयीस्कर विसरलात. ठिगळं दोन्ही बाजूंना होती. आमच्या मलिंग्जने ३२ वेळा बॉल घेऊन ११६ यार्ड काढले, मधूनच. शेवटच्या ड्राइव्हला तिसऱ्या डाऊनला (प्रयत्नाला) २७ यार्ड, तुमच्या त्या सर्वोत्तम फळीच्या छातीवरून. मग आमच्या किकरचा, झ्वाडाचा २१ यार्डांचा फील्ड गोल, घड्याळात ४५ सेकंद.

अॅन आर्बरची, म्हणजे मिशिगन विद्यापीठाची, डिग्री असलेल्या माणसाला या गावात भाजी घेतानाही ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळे वर्षातून एक आठवडा मला मिळावा.

कार्यक्रमाला मी आहे. वेळ कुठलीही.

---

प्रेषक: विद्यार्थी प्रतिनिधी
रविवार, रात्री ९.३०

बापूकाका, झेंड्याबद्दल पण लिहा ना. जिंकल्यावर तुमचे खेळाडू दुसऱ्याच्या मैदानात मध्यभागी झेंडा रोवायला गेले आणि पोलिसांना मिरीचा फवारा मारावा लागला.

आम्ही अकरा जण येणार होतो. आठ जणांकडे विद्यार्थ्यांची तिकिटं आहेत. ७ ला निघालो तर पोचतो. जेवण मिळणार असेल तर ६.५० ला पण निघू, पळत जाऊ.

---

प्रेषक: मराठी शाळा
रविवार, रात्री १०.०२

मिशिगनचा विषय निघालाच आहे तर. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी शाळेच्या इंग्रजी पाटीवरच्या एम अक्षरावर कुणीतरी लाल टेपची फुली मारली. विद्यापीठात त्या आठवड्यात सगळीकडे तसं करतात हे मला माहीत आहे, माझा मुलगाही तिथेच आहे. पण तिथे टेप निघते. आपल्या पाटीचा टेपबरोबर रंग निघाला. आता तिथे नुसतं "अराठी" वाचायला येतं. जानेवारीत नवीन प्रवेश आहेत. पाटीचा खर्च शाळेच्या खात्यातून होणार नाही.

---

प्रेषक: बापू (डब्लिन)
रविवार, रात्री १०.०९

खर्च मी देतो. मिशिगनच्या निळ्या-पिवळ्या रंगात करून देतो.

---

प्रेषक: मराठी शाळा
रविवार, रात्री १०.११

नको.

---

प्रेषक: नवीन सभासद (हिलियर्ड)
सोमवार, ९ डिसेंबर, सकाळी ७.४०

नमस्कार, आम्ही ऑगस्टमध्येच इथे आलो. माफ करा, पण हरलेला संघ पुढच्या फेरीत कसा? आणि मॅच इथे कशी? आम्ही चौघं कार्यक्रमाला येणार आहोत, दोन मुलं तिखट खात नाहीत.

---

प्रेषक: नाना (अप्पर आर्लिंग्टन)
सोमवार, सकाळी ८.१५

गेल्या वर्षीपर्यंत चारच संघ घ्यायचे. यंदा प्रथमच बारा घेतले. पहिले चार क्रमांक परिषदा (विद्यापीठ संघांचे गट) जिंकणाऱ्यांना, त्यांना पहिली फेरी माफ. पाचवा ते आठवा यांना पहिली मॅच आपल्या घरी. आपण आठवे, टेनेसी नववे. पुढे गेलो तर १ जानेवारीला पॅसाडीनात रोझ बोल, समोर पहिल्या क्रमांकाचं ऑरेगन. ऑक्टोबरात त्यांच्याकडून ३२-३१ असे हरलो, तेव्हा शेवटच्या सेकंदांत त्यांनी मैदानात बारावा माणूस उतरवला. दंड बसला पाच यार्डांचा, पण घड्याळातले चार सेकंद गेले ते गेलेच. नंतर त्यावर नियमाचा खुलासा काढावा लागला. तर त्यांच्याशी हिशेब बाकी आहे.

बापू, २७ यार्डांचं मान्य. तोवर आपली फळी ६० मिनिटं उभी होती, कारण आक्रमण तीन-तीन प्रयत्नांत बॉल परत देत होतं. दमणार नाहीत तर काय.

---

प्रेषक: भोजन समिती (पॉवेल)
सोमवार, सकाळी ८.५०

> दोन मुलं तिखट खात नाहीत

वरणभात असतोच. या तुम्ही.

बाकीच्यांनी यार्डांबरोबर माणसांचे आकडेही टाकले तर बरं होईल. आतापर्यंत मला अकरा विद्यार्थी, चार हिलियर्ड आणि बापू एवढेच कळलेत.

---

प्रेषक: नाट्यविभाग
सोमवार, दुपारी १२.२०

५.३० च्या आत सुरू करणार नाही. एकांकिका पन्नास मिनिटांची आहे. मध्ये उठून फोन बघणाऱ्यांना आम्ही रंगमंचावरून नावानिशी हाक मारू. दोन कलाकारांनीच मला खाजगीत वेळ अलीकडे आणायला सांगितलं आहे. त्यांची नावं इथे लिहीत नाही, पण एक जण मृतदेहाचं काम करतो आणि त्याच्या खिशात फोन असणार याची मला खात्री आहे.

---

प्रेषक: सचिव
मंगळवार, १० डिसेंबर, रात्री ९.००

ठरलं ते असं. दारं ४.३० ला, चहा आणि वडे तेव्हाच. एकांकिका ५.३० ला. जेवण ६.२० ला. स्टेडियमला जाणाऱ्यांची रांग आधी, बाकीच्यांनी दहा मिनिटं धीर धरावा. ३१५ हायवेवर लेन अॅव्हेन्यूच्या एक्झिटला बाहेर पडायला त्या दिवशी किती वेळ लागेल ते सांगायला नको. ८ वाजता प्रोजेक्टर मॅचला लावायचा की गाण्याच्या भेंड्यांना, यावर मी मतदान घेणार नाही. प्रोजेक्टर नानांचा आहे.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष
मंगळवार, रात्री ९.४५

प्रोजेक्टर मंडळाचा आहे. नानांच्या तळघरात असतो. २०१६ च्या सभेचं इतिवृत्त बघावं.

---

प्रेषक: नाना (अप्पर आर्लिंग्टन)
मंगळवार, रात्री १०.१०

त्याचा दिवा मी बदलला. दोनदा. इतिवृत्तात तेही बघावं.

---

प्रेषक: नाना (अप्पर आर्लिंग्टन)
रविवार, २२ डिसेंबर, सकाळी १०.३०

४२-१७. बापू जागे असाल तर वाचा.

पहिल्या क्वार्टरमध्येच २१-०. स्मिथला पहिल्याच ड्राइव्हला टचडाऊन, एकूण दोन, १०३ यार्ड. हॉवर्डचे २९ पैकी २४ पास पोचले, ३११ यार्ड. आणि गंमत बघा, कडेने फेकून फेकून समोरची फळी पांगल्यावर पळणंही जमलं, बॉल घेऊन पळणाऱ्या जडकिन्सचे दोन, हेंडरसनचे दोन टचडाऊन. लाइन तीच, ठिगळाची. माणसं तीच. तीन आठवड्यांपूर्वी हे का सुचलं नाही, याचं उत्तर डेने द्यायला हवं, आणि जिंकल्यावर त्याला कोणी विचारणार नाही.

एक खटकलं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आपण गप्प, टेनेसीने १० काढले. ऑरेगन अशी उसंत मिळाली तर सोडणार नाही. आपल्या कॉर्नरला, बर्कला ऑक्टोबरात त्यांनी लांब पासवर फार छळलं होतं, तिथे मागून मदत ठेवायला हवी.

---

प्रेषक: बापू (डब्लिन)
रविवार, सकाळी ११.०५

जागाच आहे. हॉलमध्ये तुमच्या शेजारीच बसलो होतो. टेनेसीचे दोन टचडाऊन झाले तेव्हा टाळ्या वाजवणारा मी एकटा, असा गैरसमज नको. मृतदेहानेही वाजवल्या, त्याची बायको टेनेसीतल्या नॉक्सव्हिलची आहे. स्टेडियमात अर्धं टेनेसीचं नारिंगी दिसत होतं हो, तुमची तिकिटं कोणी विकली?

---

प्रेषक: विद्यार्थी प्रतिनिधी
रविवार, दुपारी १२.४०

आम्ही नाही विकली. आम्ही आत होतो, पायाची बोटं अजून येतायत जागेवर. वड्यांची पिशवी गेटवर टाकून द्यावी लागली, त्याचं जास्त वाईट वाटलं.

---

प्रेषक: भोजन समिती (पॉवेल)
रविवार, दुपारी १.१५

पिशवीत चटणीचा स्टीलचा डबाही होता का? झाकणावर माझं आडनाव कोरलेलं आहे.

---

प्रेषक: खजिनदार
रविवार, दुपारी २.००

हॉल ११.४० ला रिकामा केला, करार ११ पर्यंतचा होता. ज्यादा तासाचं बिल आलं आहे. मॅच बघायला थांबलेल्यांची यादी माझ्याकडे आहे, प्रत्येकी चार डॉलर. नाना, तुमचे आठ, दिव्याचे वजा करू नका.