‘कमी कापणारा डॉक्टर निवडा’ म्हणे!

आडवळण
परवा एकाने लिहिलं, ‘तोंडाच्या कॅन्सरला दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगत असतील तर जो कमी कापतो त्याच्याकडे जा, बाकी सगळा धंदा.’ त्याखाली भराभर ‘अगदी बरोबर’ची रांग लागली. मला ते वाचून झोप लागली नाही, म्हणून लांबड लावतोय.

बायकोच्या जिभेच्या डाव्या कडेला व्रण होता. पहिले सर्जन म्हणाले, जिभेचा तेवढा भाग आणि त्याच बाजूच्या मानेतल्या गाठी (लसिका ग्रंथी, त्या प्रत्येकाच्या मानेत असतात) एकाच वेळी काढू. दुसरे म्हणाले, मानेत हाताला काही लागत नाही, सोनोग्राफी साफ आहे, फक्त जीभ करू आणि मानेवर लक्ष ठेवू. दोघेही अनुभवी, दोघेही नीट बोलणारे. चार दिवस घरात आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

मग मी दोघांना एकच प्रश्न विचारला, ‘काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?’ दुसरे लगेच म्हणाले, ‘जिभेतला कॅन्सर ४ मिमीपेक्षा खोल गेला असेल तर.’ तेव्हा कळलं की त्यांनी एमआरआय पाहिलाच नव्हता, आमच्या फाइलमधून तो पहिल्यांकडेच राहिला होता. त्यात खोली ७ मिमी होती. तो बघून ते म्हणाले, ‘मग मानही करून घ्या.’ म्हणजे मतभेद नव्हताच, दोघांच्या हातात फाइलीच वेगळ्या होत्या.

मानेतून २४ गाठी निघाल्या. एकीत ३ मिमीचा कॅन्सर सापडला, तो बोटांना कधीच लागला नसता.

हे फक्त आमच्या घरचं नाही. टाटा मेमोरियलचा अभ्यास २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सुरुवातीचा कॅन्सर, मान वरवर साफ असे रुग्ण. काहींच्या मानेतल्या गाठी लगेच काढल्या, बाकीच्यांच्या मानेत कॅन्सर दिसल्यावर. ५०० जणांच्या हिशेबात तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५. ‘कमी कापणारा’ निवडायला सांगणाऱ्यांनी हा फरक कुणाच्या तरी बायकोच्या तोंडावर सांगून बघावा.

खिडकीतला
ते वाक्य माझंच. मागे घेत नाही.

माझ्या मोठ्या भावाच्या मानेतल्या ३१ गाठी काढल्या, सगळ्या साफ. त्या ऑपरेशनपासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तो घरं रंगवायचा. छताला ब्रश लावायला माणूस ठेवावा लागतो, आणि त्या माणसाला शिडीवर बघताना त्याचा चेहरा कसा होतो ते मी बघतो. तुमच्या ८० टक्क्यांत त्याचा खांदा कुठे मोजलाय? वरवर साफ असलेल्या मानांपैकी सत्तर-ऐंशी टक्के खरंच साफ निघतात. त्या लोकांना उगाच कापलं असं मी का म्हणू नये? सही घेताना ‘थोडा जडपणा राहील’ एवढंच सांगितलं होतं. हाच माझा राग आहे.

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजीत काम करते म्हणून बोलते. खोली आणि जाडी एक नाही. वर फुगलेली गाठ जाड असूनही उथळ असू शकते, आणि सपाट दिसणारा व्रण आत खोल गेलेला असतो. बायोप्सीच्या तुकड्यावरून पूर्ण खोली कळतच नाही, तुकडा तेवढा खोल घेतलेलाच नसतो. कॅन्सरचा टप्पा (स्टेज) ठरवायच्या नियमांच्या २०१७च्या आठव्या आवृत्तीपासून खोली धरतात, ५ आणि १० मिमीच्या रेषा तिथल्याच. दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नका, ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड (त्याचे काचेवरचे काप) मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. लोक रिपोर्टची झेरॉक्स घेऊन फिरतात आणि मग म्हणतात डॉक्टर भांडतात.

खिडकीतला दादा, सेंटिनल नोडबद्दल कुणी बोललं होतं का? कॅन्सरच्या जागेतून पाझर मानेतल्या ज्या एक-दोन गाठींत आधी जातो त्या शोधून तपासायच्या, साफ असतील तर बाकीच्या ठेवायच्या. फ्रान्सचा २०२० चा आणि जपानचा २०२१ चा अभ्यास, दोन्हींत जगण्याच्या बाबतीत ही पद्धत मागे पडली नाही. पण त्यासाठी तयारीचं केंद्र लागतं.

खिडकीतला
ताई, हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकतोय. भावाचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली.

निशिगंध
मान मान काय चाललंय? दातांचं कुणी बोलणार आहे का?

आईला तोंडाच्या ऑपरेशननंतर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा होता. रेडिएशनचे डॉक्टर म्हणाले, खालचे मागचे नऊ दात काढा. दातांचे डॉक्टर म्हणाले, यातले सहा ठणठणीत आहेत, हात लावायची गरज नाही. आम्ही घाबरून नऊही काढले. आई आता हसताना तोंडावर हात ठेवते, आणि सगळं मऊ करून गिळते. सहा चांगले दात! हा ‘जास्त कापणारा’ निवडण्याचा परिणाम.

पाणवठा
निशिगंध ताई, माझ्या वडिलांची एक किडलेली दाढ ‘राहू दे’ म्हणून ठेवली. शेक झाल्यावर दीड वर्षाने ती दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांना शेक घेतल्याचं सांगायचं आमच्या लक्षात आलं नाही, त्यांनी उपटली. ती जखम भरलीच नाही. हिरडीतून पिवळसर हाड दिसायचं, नखाएवढं. मग पू, मग जबड्याचा तुकडा काढला आणि पायाचं हाड आणून बसवलं. तुमच्या आईचे दात गेले, माझ्या बापाचा जबडा गेला.

निशिगंध
दुःखाची मोजणी लावू नका. वडिलांची दाढ किडलेली होती, आईचे दात चांगले होते. तुलनाच चुकीची.

पाणवठा
मोजणी तुम्ही सुरू केलीत! ‘चांगले दात, चांगले दात.’ शेकानंतर लाळ आटते, चांगला दातही वर्षभरात किडू शकतो. आम्ही पाहिलंय.

आडवळण
दोघेही थांबा जरा. मूळ प्रश्न दोन सल्ल्यांचा आहे.

निशिगंध
हाही दोन सल्ल्यांचाच प्रश्न आहे, आडवळण. तुमच्या घरी मान होती म्हणून तो मूळ, आमच्या घरी दात होते म्हणून फाटा?

आडवळण
बरोबर बोललात. चुकलो.

स्लाइडवाली
हे माझं क्षेत्र नाही, पण आमच्याकडच्या रेडिएशनच्या डॉक्टरांकडून ऐकलेलं सांगते. कुठला दात किती डोसात येतो हे त्यांच्या आराखड्यात दिसतं. जबड्याच्या ज्या भागावर ५०-६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप) पडणार तिथला डळमळीत किंवा किडलेला दात आधीच काढणं शहाणपणाचं. त्याबाहेरचा चांगला दात फ्लोराइड लावून जपता येतो. आणि वेळ बघा. दात काढलेली जागा भरायला दोनेक आठवडे हवेत, शेक ऑपरेशननंतर साधारण ६ आठवड्यांत सुरू व्हायला हवा. म्हणून दातांचे डॉक्टर ऑपरेशनच्या आधीच गाठायचे. काढायचे दात बऱ्याचदा त्याच भुलेत निघतात.

पाणवठा
आणि ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बसवून हाड वाचतं म्हणे, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

स्लाइडवाली
शेकानंतर जबड्यावर काही करायचं असेल तर आधी ऑक्सिजन द्यावा का, याची २०१९ मध्ये होपॉन नावाची चाचणी आली. हाड मरण्याचं प्रमाण ऑक्सिजन घेतलेल्यांत ६.४ टक्के, न घेतलेल्यांत ५.७. फरक नाही. ते राहिलं म्हणून मनाला लावून घेऊ नका.

पाणवठा
...बरं. हे वाचून थोडं हलकं वाटलं. निशिगंध ताई, मगाशी आवाज चढला.

निशिगंध
माझाही चढला. आईच्या सहापैकी किती दात त्या डोसात होते हे आम्ही विचारलंच नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. तरी एक सांगते, रेडिएशनवाले आणि दातवाले एकमेकांना एक फोन करू शकत नव्हते? निरोप पोचवायचं काम घाबरलेल्या मुलीवर का?

आडवळण
याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही तो एमआरआय मीच इकडून तिकडे नेला.

खिडकीतला
‘कमी कापणारा’ हे वाक्य चुकीचं होतं. घ्या, लिहून दिलं. खोली माहीत नसताना तसं सांगायला नको होतं. भावाच्या रिपोर्टात काल बघितलं, ८ मिमी आहे. पण ‘धंदा’ हा शब्द रागाने आला आणि तो राग अजून आहे. खांद्याचं आधी सांगितलं असतं तर त्याने तरीही सही केली असती, पण समजून केली असती.

आडवळण, वहिनींचा हात वर जातो का?

आडवळण
सुरुवातीला केस विंचरता येत नव्हते. फिजिओथेरपिस्टने भिंतीवर बोटं चालवत वर न्यायला सांगितलं. रोज जिथवर बोट पोचेल तिथे मी पेन्सिलने रेघ मारायचो. स्वयंपाकघराच्या दारामागे अजून आहेत त्या रेघा, पहिली माझ्या छातीएवढी. आठ महिन्यांनी ती दाराच्या वरच्या चौकटीला टेकली. भावाला कुणी व्यायाम दिलाय का?

खिडकीतला
नाही. घरी गेल्यावर सोडा म्हणाले, सोडला.

आडवळण
तीन वर्षांनी किती परत येईल ते फिजिओच सांगेल. पण दाखवा, याच आठवड्यात. रात्री फोन करा, बायकोशी बोलून देतो.