मदत हवी आहे: ‘किमान एक’ची दुहेरी मोजणी मुलांना कशी दाखवू?

अकरावीच्या मुलांना कॉम्बिनेशन (क्रम न पाहता केलेली निवड) शिकवते आहे. क्रमाचा मुद्दा त्यांना छान कळलाय. 10 जणांतून नुसते 3 निवडायचे तर 120 प्रकार, पण त्याच तिघांना अध्यक्ष, सचिव, खजिनदार करायचं तर 720, हे त्यांनी स्वतः नावं लिहून शोधलं. हस्तांदोलनाचं उदाहरणही (प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला तर एकूण किती हस्तांदोलनं) लगेच पटलं.

गाडी अडते ती ‘किमान एक’पाशी. 6 मुलगे आणि 4 मुली यांतून तिघांचा गट करायचा, किमान एक मुलगी हवी. बहुतेक जण आधी एक मुलगी निवडतात, मग उरलेल्या 9 मधून दोघं: 4 × 36 = 144. पण एकूण गटच 120 आहेत! बरोबर उत्तर: एकूण गटांतून फक्त मुलग्यांचे 20 गट वजा, म्हणजे 120 − 20 = 100.

वजाबाकीची युक्ती सांगितली की ती पाठ होते, पण दोन मुलींचा गट दोनदा आणि तिघींचा तीनदा मोजला गेला, हे डोळ्यांना दिसत नाही. मला तेच दाखवायचंय. वर्गात हाताने करता येईल असा एखादा रोजचा प्रसंग किंवा खेळ कुणी वापरलाय का? संख्या लहान असतील तर उत्तम. सूत्र मी शेवटीच देणार आहे.