मदत हवी आहे: थायरॉईडची गोळी चालू असताना अश्वगंधा कोणी घेतलंय का?

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. आईला बरीच वर्षं थायरॉईड आहे, सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी चालू. मध्यंतरी तिला झोपच लागेना म्हणून शेजारच्या काकूंनी अश्वगंधा चूर्ण सुचवलं, ती रात्री कोमट दुधातून घ्यायला लागली आणि खरंच झोप सुधारली, पण आता छातीत धडधडतं म्हणते, हातही जरा थरथरतात. अश्वगंधाने थायरॉईडचे हार्मोन वाढू शकतात, त्यात गोळीही त्याच हार्मोनची आहे, म्हणजे डबल होतंय का अशी भीती वाटतेय.

शिवाय केस गळतात म्हणून बायोटिन पण घेते, त्याने टीएसएचचा (थायरॉईडच्या रक्ततपासणीचा) रिपोर्टच चुकीचा दिसू शकतो, म्हणून टेस्टच्या आधी ते बंद ठेवलंय. कॅल्शियम दुपारी जेवल्यावर देतो, थायरॉईडच्या गोळीपासून 4 तास लांब.

डॉक्टरांशी फोनवर बोललोय, सोमवारी बोलावलंय, तोवर चूर्ण बंद. आई नाराज आहे, "अरे झाडपाल्याने काय होतंय" म्हणते. मला नाही पटत, झोप येण्याइतकं काम करतं तर बाकी शरीरावर पण करणारच ना!

कोणाच्या घरी हे दोन्ही एकत्र चालू होतं का? टीएसएचमध्ये फरक पडला का, आणि चूर्ण बंद केल्यावर धडधड किती दिवसांत कमी झाली? आणि ठाणे-मुलुंड साईडला रिपोर्ट नीट बघून, चालू गोळ्या विचारून मगच औषध देणारे आयुर्वेदाचे एमडी वैद्य माहीत असतील तर प्लीज सांगा, आईला झोपेसाठी काहीतरी हवंच आहे.