भाताचा वास, भाताला वास

मोहोर: काल आंबेमोहोर शिजत होता. मी म्हटलं, "भाताला वास येतोय." सासूबाई तडक गॅसपाशी, झाकण काढून बघतायत. मग म्हणाल्या, "वास सुटलाय म्हण गं. येतोय काय!" तुमच्याकडे हा फरक पाळतात का?

पेजवाला: पाळतात. 'भाताचा वास' हे कौतुक, 'भाताला वास' ही तक्रार. दुधाला वास येतो, ओल्या फडक्याला येतो. तिसरा 'लागतो', तो बाहेरचा. लसणाशेजारी ठेवलेल्या लोण्याला लागतो तसा.

शंकासुर: मोगऱ्याला वास येतो म्हणतोच की.

पेजवाला: 'छान' लावून म्हणता. आणि फुलांचं सोडा हो, आपण जेवणाबद्दल बोलतोय.

परीक्षानळी: सासूबाईंचं क्रियापद रसायनालाही धरून आहे. सुवासिक तांदळाचा मुख्य रेणू २-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलिन. १९८२ मध्ये बटरी या रसायनशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शिजलेल्या भातात ओळखला. एक अब्ज भाग पाण्यात याचा एकदशांश भाग असला तरी नाकाला कळतो. पावाच्या कडेत आणि मक्याच्या लाह्यांतही तोच, पण तिथे तो भाजताना तयार होतो. आंबेमोहोरात तो शेतात उभ्या पिकातच असतो, म्हणून तर खाचराच्या बांधावरही दरवळ येतो. पातेल्यात तो नव्याने होत नाही, वाफेबरोबर नुसता सुटतो.

गंमत म्हणजे हा सुवास बिघाडातून आलाय. साध्या भातातलं एक विकर (एन्झाइम) या रेणूचा कच्चा माल दुसऱ्या वाटेला लावतं. बासमतीत आणि थायलंडच्या जास्मिनमध्ये त्या विकराच्या जनुकातली डीएनएची ८ अक्षरं गळाली आहेत. विकर बंद, माल साठतो, रेणू वाढतो.

आता 'येतो'चं. तांदूळ जुना झाला की हा रेणू उडून जातो आणि उरलेल्या कोंड्यातल्या तेलाचं ऑक्सिडीकरण होऊन हेक्झानल तयार होतं. कुबटपणा त्याचा. म्हणजे डब्यातल्या तांदळाचा वास गेला आणि तांदळाला वास आला, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी!

आजरेकर: आमच्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळातला 'साळ' म्हणजे शालि, भात. 'घन'चा अर्थ गावाकडे सुवास सांगतात. तो 'घ्राण'वरून आला असेल का?

पेजवाला: माझ्या मते ओढाताण आहे. पण 'घाण' मात्र नक्की 'घ्राण'वरून. संस्कृतात नुसता वास, आपल्याकडे येईपर्यंत नाक मुरडलं गेलं. बासमतीतला 'बास' म्हणजे वासच, तो बिचारा चांगल्या घरी पडला.

मोहोर: एक राहिलं. साध्या कोलममध्ये अन्नपूर्णेचं (पांडनचं) सुवासिक पान टाकलं, तर वास सुटतो की लागतो? पानातला रेणू वेगळा का?

परीक्षानळी: तोच आहे, अगदी तोच.

पेजवाला: असू दे. लागतो. पानाचा आहे तो, तांदळाचा नाही.