रिपोर्टमधलं 'व्हीयूएस': इंदुरी मराठीत काय म्हणायचं?

रामबागकर: मंडळी, नात्यातल्या एका बाळाचा जनुकीय रिपोर्ट आलाय, पीकेयूचा म्हणजे फिनाइलकीटोन्युरियाचा (प्रथिनांमधलं फिनाइलअ‍ॅलनीन शरीरात नीट न मोडण्याचा जन्मजात आजार), पीएएच जनुकात दोन बदल निघाले, एकापुढे 'पॅथोजेनिक' अन् दुसऱ्यापुढे 'व्हीयूएस' (व्हेरिएंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स, म्हणजे ज्याचा परिणाम अजून नक्की ठरलेला नाही असा बदल). पहिला रोगकारक, ठीक. दुसऱ्याला आमचा पुण्याचा भाऊ 'संदिग्ध' म्हणतो, आजीला चालेल का हे?

मालवामराठी: पुण्यात चालेल भिया, आपल्याकडे नको. मराठीत संदिग्ध म्हणजे ज्याचा अर्थ स्पष्ट नाही ते, पण इथे आपण रोज हिंदी पेपर वाचतो ना, त्यात 'संदिग्ध युवक' म्हणजे पोलिसांनी धरलेला. आजी धसकाच घेईल. 'अनिर्णित' म्हणा.

नेहरूस्टेडियम: अनिर्णित म्हणजे ड्रॉ, मॅच संपली! इथे तर संपलेलं नाहीये. 'निकाल बाकी' बरं.

पिपेटवाली: 'निकाल बाकी'ला माझंही मत. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एसीएमजी अन् एएमपी या वैद्यकीय जनुकशास्त्र अन् जनुकीय निदानातल्या संस्थांनी अशा बदलांसाठी पाच पायऱ्या ठरवल्या: रोगकारक, बहुधा रोगकारक, निकाल बाकी, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी (मराठी माझं हं). 'लाइकली'ला (माझं 'बहुधा') 'संभाव्य' कच्चं वाटतं, कारण तिथे ९० टक्क्यांहून जास्त खात्री लागते. आणि 'बिनाइन'ला (माझं 'निरुपद्रवी') 'सौम्य' अजिबात नको, लोकांना वाटतं आजार आहे पण हलका आहे. त्याच नियमावलीत 'म्युटेशन'ऐवजी नुसतं 'व्हेरिएंट' म्हणा असंही सुचवलंय, म्हणून 'दोष' वगैरे नकोच, 'बदल' म्हणा.

आता मुद्द्याचं. पीकेयू जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच होतो, म्हणून आईबाबांचं सॅम्पल तपासून हे दोन बदल वेगवेगळ्या प्रतींवर आहेत का ते बघतात, तसं निघालं आणि बाळाच्या रक्तात फिनाइलअ‍ॅलनीन खरंच वाढलेलं असलं, बीएच४ची (फिनाइलअ‍ॅलनीन मोडायला लागणाऱ्या मदतनीस रेणूची) गडबड नाही हेही पाहून झालं असलं, की हे सगळं पुरावा म्हणून धरतात अन् व्हीयूएस वरच्या, म्हणजे रोगकारकाकडच्या पायरीवर जाऊ शकतो. उपचार मात्र तोवर थांबत नाहीत हो, पथ्य रक्तातल्या आकड्यावर ठरतं.

रामबागकर: आईबाबांचं सॅम्पल या आठवड्यात देतायत. बरं, त्यांना 'कॅरियर' म्हणतात (एकच प्रत बिघडलेली, स्वतःला आजार नाही), त्याचं 'वाहक' करू का? पुण्याचा भाऊ हसतो, म्हणे एसटीचा कंडक्टर.

मालवामराठी: इंदुरात कुठेय एसटी, बिनधास्त म्हणा.