सेकंडहँड टेम्पो: जुनी पॉलिसी चालेल का?

भाजीपाल्याच्या भाड्यासाठी छोटा टेम्पो घेतोय. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, पाच महिने शिल्लक. गाडीवर पगारी ड्रायव्हर आणि एक हमाल असेल. नुसत्या थर्ड पार्टीवर (आपल्या गाडीमुळे दुसऱ्यांच्या नुकसानीचा विमा) भागेल का?

मालवाहू_सातारा: कायद्यापुरतं भागेल. थर्ड पार्टी कव्हर आपोआप तुमच्याकडे येतं, पण ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर) येत नाही. गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळालेली सूट) तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो. ड्रायव्हर-हमाल, दोन्ही डोकी पॉलिसीत लिहून घ्या. जादा प्रीमियम किरकोळ असतो.

क्लेमवाला: फुल पॉलिसी (थर्ड पार्टी अधिक ओन डॅमेज) घेतलीत तर आयएमटी २३ नावाचं जादा कलम त्यात आहे का ते आधी बघा. व्यावसायिक गाडीला ते नसेल तर दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, बंपर, रंगकाम यांचे पैसे सहसा मिळत नाहीत, आणि टेम्पो ठोकला की पहिलं तेच जातं! फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला) संपलेला असेल तर ओन डॅमेजचा क्लेम अडकलाच समजा.

मालवाहू_सातारा: लायसन्सचं राहिलं. नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ७,५०० किलोपर्यंत ग्रॉस वजनाच्या (मालासकट एकूण वजन) गाडीला एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) लायसन्स पुरतं, वेगळा ट्रान्सपोर्ट शिक्का लागत नाही.

क्लेमवाला: आणि भाजी सडली, सांडली तर मोटर पॉलिसी एक रुपया देत नाही. मालाचा विमा वेगळा.